कॉलनीचे 30 जण, टेंट आणि राष्ट्रीय उद्यान: भुसावळच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भुसावळच्या तुमच्या कॉलनीतली आठ-नऊ कुटुंबं, पोरंसोरं धरून 30 जण, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री राष्ट्रीय उद्यानात टेंट टाकून राहायचं म्हणताय. मेळघाट बरं की आपलं यावल, शेकोटी चालेल का, स्वयंपाक तिथंच करता येईल का, आणि लहान पोरांना घेऊन जाणं सेफ आहे का. मी जळगावकडून शाळेच्या पोरांचे आणि कॉलनीवाल्यांचे असे कॅम्प बरीच वर्षं नेतोय, तर जे माहिती आहे ते सगळं लिहितो, लांबेल जरा.

पहिलं उत्तर सरळ नाही असंच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आपापले टेंट नेऊन, मोकळी जागा बघून ठोकले आणि झोपलो असं होत नाही, अभयारण्यातही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यातलं कलम 27 म्हणतं की परवान्याशिवाय अभयारण्यात शिरायचंच नाही, कलम 28 मधे फोटोग्राफी, अभ्यास, पर्यटन अशा कामांसाठी परवाना मिळायची सोय आहे, आणि राष्ट्रीय उद्यानाचं कलम 35 आहे त्यातून हेच नियम तिकडेही लागू होतात, वर आणखी कडक. पर्यटनाचा परवाना म्हणजे सकाळी गेटवरून आत आणि सूर्य बुडायच्या आत बाहेर. रात्री राहायचं तर वनविभागाच्या विश्रामगृहात, डॉर्मिटरीत नाहीतर त्यांनीच मांडलेल्या तंबूत. व्हिडिओत जे जंगलातले टेंट दिसतात ना, ते बहुतेक बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, गावाच्या जमिनीवरचे किंवा खाजगी शेतातले असतात, कॅमेरा फक्त झाडांकडे धरलेला असतो.

दुसरं म्हणजे आपल्या खान्देशात राष्ट्रीय उद्यान एकपण नाही. महाराष्ट्रात सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचं संजय गांधी. त्यातलं आपल्याला जवळ गुगामल, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याचा एक भाग. आपल्याकडे आहेत ती अभयारण्यं. रावेर-यावलच्या डोक्यावरचं यावल अभयारण्य, 1969 सालचं, साधारण 177 चौरस किलोमीटर. शिरपूरकडचं अनेर धरण. आणि चाळीसगाव-कन्नडच्या डोंगरातलं गौताळा-औट्रमघाट, ते 260 चौरस किलोमीटर आहे पण बरंचसं मराठवाड्यात. म्हणून माझा सल्ला सुरवातीलाच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याचंच स्पष्टीकरण आहे: रात्र जंगलाच्या काठावर काढा, दिवस जंगलात काढा, आणि 30 जणांचा एक गट नेऊ नका, 10-10 चे तीन गट करा. हे केलं की तुमच्या निम्म्या अडचणी आपोआप जातात.

आता जागा. मेळघाटचं आकर्षण मला कळतं, वाघाचं नाव आहे, 1973-74 मधे देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातलं ते एक. भुसावळहून रावेर, बऱ्हाणपूर, देडतलाई, धारणी, हरिसाल करत सेमाडोहला जायचं, निम्मा दिवस त्यात जातो, घाटवळणांनी पोरं ओकतात ते वेगळं. सेमाडोहला डॉर्मिटरी आहे, कोलकासला सिपना नदीच्या वर विश्रामगृह आहे, जागा सुंदरच आहे यात वाद नाही. पण 30 जणांना एकदम खाटा मिळणं आणि तेही डिसेंबरअखेर, अवघड. सफारीची जिप्सी घेतली तर एका गाडीत सहा जण, म्हणजे पाच जिप्स्या एकाच वेळेला पाहिजेत, त्याही नाताळच्या सुट्टीत. शिवाय गाभ्यात नवीन पर्यटक निवास बांधायला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केलीय, गाभ्याच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन ठेवायचं असं पण त्यात आहे, त्यामुळे गर्दी वाढली तरी जागा वाढणार नाही. आणि एक सांगू का, मेळघाट म्हणजे ताडोबा नाही, डोंगर-दऱ्या आणि दाट साग, वाघ तिथं दिसतो कमी. पोरांना वाघ दाखवतो म्हणून नेलं आणि दोन दिवस सागाची वाळकी पानं दाखवली की परत येताना गाडीत जे ऐकायला लागतं ते मला विचारा.

तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी पाल सुचवतो. सावदा-खिरोद्यावरून वर चढलं की पाल, भुसावळहून सकाळी निघालात तर नाश्त्याला पोचता. सुकी नदी आहे, गारबर्डीचं धरण आहे, वनविभागाचं विश्रामगृह आहे, गाव मोठं आहे, दुकान-दवाखाना-मोबाइलची रेंज बऱ्यापैकी, आणि अभयारण्य तिथूनच सुरू होतं. टेंट अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावातल्या कोणाच्या तरी मळ्यात टाकायचे, मालकाला विचारून आणि पैसे देऊन. दुसरा पर्याय पाटणादेवी, चाळीसगावहून अर्ध्या तासावर. चंडिकादेवीचं जुनं मंदिर, वर पितळखोऱ्याची लेणी, कण्हेरगड, आणि पाटण्याचा तो शिलालेख, ज्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. पोरांबरोबर एखादे गणिताचे सर असतील तर त्यांना दुपारभर पुरेल. पण तिथं देवीला येणाऱ्यांची गर्दी असते आणि देवस्थानाभोवतीचं जंगल अभयारण्यातच येतं, म्हणून मुक्काम खाली गावाकडे करायचा. तिसरं तोरणमाळ, 1100 मीटरच्या वर, यशवंत तलाव, सीताखाई. ते अभयारण्य नाही, पण भुसावळवाल्यांना लांब पडतं आणि थंडी जबरदस्त. सातपुड्यात त्याच पट्ट्यात अक्कलकुव्याच्या डाबकडून दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतच असतात, त्यावरून अंदाज घ्या.

मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वढोद्याकडे मात्र टेंट नका टाकू. कोणीतरी सांगेल तुम्हाला की जवळच आहे, वाघ आहे, चला. वाघ आहेच, आणि तो केळीच्या बागेत येऊन बसतो हीच तर अडचण आहे. मेळघाट आणि यावलच्या मधला वाघांचा तो जायचा-यायचा रस्ता आहे, तिथले शेतकरी रात्री पाणी भरायला जाताना आधीच जीव मुठीत धरून जातात, त्यांच्यात आपण 30 जण टॉर्च घेऊन कशाला.

शेकोटीचं. मला माहितीय की आपल्याकडे हिवाळा म्हटलं की भरीत पार्टी, आणि कॅम्प म्हणजे तुमच्या डोक्यात तीच भरीत पार्टी पण जंगलात, असं चित्र असणार. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात जंगलाला धोका होईल अशी आग लावायला किंवा पेटती ठेवायला कलम 30 ने बंदी आहे, लहान शेकोटी, मोठी शेकोटी असा फरक त्यात नाही. आणि बंदी नसती तरी डिसेंबरात सातपुड्याचं गवत पिवळं पडलेलं असतं, सागाची पानं गळायला लागतात, एक ठिणगी उडाली तर विझवायला तुमच्याजवळ प्यायच्या पाण्याचे जार आहेत फक्त. त्याच कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे त्यात चाकू आणि गळ पण येतात हे बहुतेकांना माहिती नसतं, म्हणजे भाजी कापायची सुरी, नारळाचा कोयता, पोरांनी मासे धरायला घेतलेला गळ, हे सगळं घेऊन आत जायचं नाही, मुक्कामावरच ठेवायचं. फटाके तर विषयच नाही, स्फोटकं वापरायला कलम 32 ने बंदी आहे.

पण भरीत सोडायचं कारण नाही, ते मळ्यात करा. पहिल्या दिवशी दुपारी, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतमालकाला सांगून, उघड्या मातीत, आजूबाजूचं वाळलेलं गवत दोन-तीन मीटर खरवडून काढायचं आणि मगच पेटवायचं. बामणोदची नाहीतर असोद्याची वांगी घ्या, ती हिरवट-पांढरी मोठी, देठासकट. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ भसकन येतो आणि लवकर बसतो, वांग्याला तेच पाहिजे असतं, बाहेरून कातडी काळी होऊन फाटते आणि आत धुराचा वास शिरतो, सागाच्या ओंडक्यावर हे होत नाही. काडीने टोचून बघायचं, देठापाशी मऊ लागलं की काढायचं, नाहीतर पोट शिजतं आणि देठाकडे कच्चं राहतं आणि सगळ्या भरताला तुरट चव येते. मग सोलून लाकडी भांड्यात भाजलेली मिरची, लसूण घालून ठेचायचं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, कळण्याच्या पुऱ्या घरून करून आणायच्या, त्या दोन दिवस टिकतात. 30 जणांना 12-13 किलो वांगी लागतात, भाजल्यावर निम्मं राहतं हे लक्षात ठेवा. जेवण झालं की राखेवर पाणी, मग हात फिरवून बघायचं, गरम लागली तर परत पाणी. हात लावून गार लागेपर्यंत तिथून उठायचं नाही, हे काम ज्याला सोपवलं त्याचं नाव आधीच ठरवा, "सगळ्यांनी मिळून बघू" म्हटलं की कोणीच बघत नाही.

बाकीची जेवणं सोपी ठेवा. मुक्कामावर गॅसची शेगडी, एक वेळ खिचडी, एक वेळ वरण-बट्टी. बट्ट्या घरून उकडून आणल्या तर तिथं फक्त तळायच्या. शेवभाजीचा मोह होईल, पण 30 जणांची भांडी तेलकट झाली की ती घासायला जे पाणी जातं ते तुम्हीच आणलेलं असतं, म्हणून मी नाही करत. आणि शक्यतो एक जेवण गावातल्या घरी सांगा. पालच्या आसपास पावरा आणि तडवी लोकांची वस्ती आहे, आदल्या दिवशी सांगितलं तर मक्याची-ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, ठेचा मिळतो, चुलीवरचा, आणि तुमच्या भांड्यांचा प्रश्न मिटतो. सांगतील ते पैसे द्या. तिथं घासाघीस करू नका, हॉटेलात आपण शेवभाजीच्या प्लेटचे मुकाट्याने देतोच ना.

आता तीन गटांचं, ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण कोणी ऐकत नाही. 30 जणांची रांग जंगलात चालली की पहिल्याच्या आणि शेवटच्यामधे शंभर-दीडशे मीटर अंतर पडतं, पुढच्याने काय दाखवलं ते मागच्याला कळत नाही, मागचे गप्पा मारतात, मधे पोरं पळतात, आणि वानरं तर तुमच्या आधीच खो-खो करून सगळ्यांना बातमी देऊन मोकळी होतात. तेच आठ-दहा जण आणि पुढे वनविभागाचा गाइड नाहीतर वनमजूर असला की तो थांबतो तिथं सगळे थांबतात, बोट दाखवतो ते सगळ्यांना दिसतं. सुकीच्या पात्रात सकाळी ऊन पडायच्या आत वाळू ओलसर असते तेव्हा जा. ठसे इतके स्वच्छ उमटलेले असतात की पोरं गुडघ्यावर बसून बघतात. बिबट्याचा ठसा गोल, पुढं नखं नाहीत, कारण तो नखं आत ओढून चालतो. तडसाचा ठसा लांबट, कुत्र्यासारखा, पुढे नखांचे टोचे दिसतात आणि पुढचा पाय मागच्यापेक्षा मोठा. अस्वलाचा मागचा पाय बघितला की पोरं हमखास म्हणतात की कोणी अनवाणी माणूस गेलाय, मग नखांच्या खुणा बोटांच्या बऱ्याच पुढे उमटलेल्या दाखवल्या की गप्प होतात. एका गटाला अर्धा तास एका ठशाजवळ बसवा, त्या पोरांना पाच जिप्स्यांच्या सफारीपेक्षा जास्त जंगल दिसलेलं असतं. आता हे 30 जणांत करून बघा, ठसा तिसऱ्या माणसाच्या बुटाखाली गेलेला असतो.

म्हणून असं करा: तीन गट, प्रत्येक गटात दोन मोठी माणसं जबाबदार, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे, मागच्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. एक गट सकाळी जंगलात, एक धरणाकडे पक्षी बघायला, एक मुक्कामावर स्वयंपाकाला, आणि मग फिरवायचं. कुटुंबं मुद्दाम फोडा, नवरा एका गटात बायको दुसऱ्या, पोरं मित्रांबरोबर, नाहीतर प्रत्येक आई आपल्याच पोराकडे बघत बसते आणि बाकीची पोरं वाऱ्यावर. प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी द्या. हरवलं असं वाटलं की चालत राहायचं नाही, जवळच्या मोठ्या झाडाला धरून तिथंच उभं राहायचं आणि तीन-तीनदा शिट्टी मारायची, हे निघायच्या आधी घरीच दोनदा करून घ्या, तिथं जाऊन शिकवलं तर पोरं नुसत्याच शिट्ट्या वाजवतात दिवसभर.

टेंटचं थोडक्यात. चार माणसांचा म्हणून विकतात त्यात तीन झोपतात, त्यामुळे 30 जणांना 10 टेंट धरा. नाल्याच्या तळाशी किंवा नदीच्या वाळूत टाकू नका, पाऊस नसला तरी. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन तळाशी साचते, दहा-पंधरा फूट वर बांधावर टाकला तर जाणवण्याइतका फरक पडतो. डिसेंबरच्या शेवटी खान्देशात सपाटीवरच पारा 10 च्या खाली येतो, सातपुड्यात त्याहून कमी. लोक पांघरायला दोन-दोन ब्लँकेट आणतात आणि खाली काहीच नाही, तर थंडी खालून जमिनीतून लागते. खाली ताडपत्री, तिच्यावर फोमची मॅट नाहीतर सरळ जाड गोधडी, मग माणूस, मग ब्लँकेट. आणि टेंटच्या खिडक्या पूर्ण बंद करायच्या नाहीत. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की तिघांच्या श्वासाची वाफ आत छताला लागून गार होते, पहाटे चार वाजता तोंडावर थेंब पडायला लागतात, मग लोक म्हणतात टेंट गळतो. गळत बिळत काही नाही, वरची जाळी चार बोटं उघडी ठेवली तर होत नाही. टेंट अर्धवर्तुळात मांडा, दारं आतल्या बाजूला, पोरांचे मधे, कडेला मोठी माणसं.

खायचं काहीही टेंटमधे ठेवायचं नाही, बिस्किटचा पुडा पण नाही. सगळं गाडीत, काचा बंद. उष्टं टाकलं की आधी कुत्री येतात, रानडुकरं येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. त्याच कारणाने घरचा कुत्रा बरोबर आणू नका, विचारलं नाही तुम्ही पण कोणीतरी आणतंच. रात्री लघवीला जायचं तर पोराने एकटं जायचं नाही, मोठ्या माणसाबरोबर, टॉर्च लावून, बोलत बोलत. बिबट्या उभ्या मोठ्या माणसाला सहसा टाळतो, पण वाकलेला किंवा बसलेला लहानगा अंधारात त्याला वेगळा दिसतो. 2017 च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली ते तुमच्या लक्षात असेलच, घाबरवायला सांगत नाही, पण हा नियम त्यासाठीच आहे. अस्वलाचं वेगळं, त्याला ऐकू आणि दिसतं कमी, अचानक समोरासमोर आलं की अंगावर येतं, म्हणून बोरीच्या जाळ्यांमधून पहाटे-संध्याकाळी चालायचं नाही, डिसेंबर-जानेवारीत बोरं खायला ते तिथंच असतं. पुढे होळीच्या सुमारास कधी गेलात तर मोहाच्या झाडाखाली टेंट टाकू नका, फुलं खायला ते रात्री येतंच. कड्यावर आग्यामोहोळ लटकलेलं दिसलं तर खाली धूर नाही, सेंट नाही, दगड तर अजिबात नाही.

सापांचं डिसेंबरात प्रमाण कमी असतं पण शून्य नसतं. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि चावलेलं पुष्कळदा कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, लोकांना वाटतं जेवण बाधलं. असं काही दिसलं तर ओवा-बिवा देत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायचं नाही, हात-पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी काढायची आणि निघायचं. त्यासाठी एक गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून, डिझेल भरलेली, किल्ली कोणाजवळ ते सगळ्यांना माहिती, अशी पाहिजे, आणि त्या ड्रायव्हरने प्यायची नाही. जायच्या आधी रावेर किंवा यावलच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाची लस आहे का ते विचारून ठेवा. 108 चा नंबर सगळ्यांकडे असतो पण जंगलात रेंज नसते, म्हणून कुठल्या टेकाडावर रेंज येते ते संध्याकाळीच शोधून ठेवायचं. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे, तीही लिहून ठेवा. झोपताना बूट टेंटच्या आत, सकाळी घालायच्या आधी उलटे करून झटकायचे, विंचवासाठी.

पाणी आणि संडास, ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि ज्याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पिणं, स्वयंपाक, हात-तोंड धरून माणशी रोज 8 लिटर तरी धरा, 30 जणांचे 240, म्हणजे 20 लिटरचे 12 जार एका दिवसाला. आंघोळ यात नाही, दोन दिवस नाही केली तर काही होत नाही. संडासासाठी विश्रामगृहाची किंवा शेतमालकाची सोय असेल तीच जागा निवडा, 30 जणांनी उघड्यावर जाणं हे त्या गावावर अन्याय आहे, त्यात बायकांचे हाल. अगदीच नसेल तर पाण्यापासून 60 मीटर लांब, वीत-दीडवीत खोल खड्डा, नंतर माती, टिश्यू-पॅड-डायपर खड्ड्यात नाही, वेगळ्या काळ्या पिशवीत परत भुसावळला. थर्माकोलच्या प्लेटा 2018 पासून महाराष्ट्रात बंद आहेत तरी कोणीतरी घेऊन येतं, पळसाच्या पत्रावळी घ्या नाहीतर सरळ घरचं ताट-वाटी.

आवाजाचं एकदाच सांगतो. ब्लूटूथ स्पीकर आणू नका, कमी आवाजात लावू पण नाही, आणूच नका. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला देशभरच बंदी आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी, आणि जंगलाच्या काठाला तर आवाज दरीतून कुठल्या कुठे जातो. अंताक्षरी खेळा, गप्पा मारा, नऊ-साडेनऊला गप्प बसायचं असं आधीच ठरवा. अस्तंब्याच्या यात्रेला दिवाळीत हजारो लोक सातपुड्यात रात्रभर चालतात, उघड्यावर पडतात, त्यांचं कुठं डीजेवाचून अडतं.

तारखेचं राहिलं. 31 डिसेंबर टाळता आला तर टाळाच भो. त्या रात्री पाल काय, तोरणमाळ काय, पाटणादेवी काय, सगळीकडे दारूवाल्या पोरांच्या गाड्या, नाक्यानाक्यावर पोलिस आणि वनविभागाची तपासणी, तुमच्या बायकापोरांना घेऊन त्यात अडकण्यात काही मजा नाही. संक्रांतीच्या आधीचा शनिवार-रविवार बघा, थंडी तीच असते, वांगी तेव्हाही चांगली येतात, गर्दी ओसरलेली असते.

अर्ज आजच करा. अभयारण्यात जायचं असेल तर वन्यजीव विभागाच्या वनक्षेत्रपालांच्या नावाने, शेजारचं राखीव जंगल असेल तर प्रादेशिक विभागाच्या, हे दोन वेगळे आहेत आणि एकाची परवानगी दुसरा मानत नाही, लोक इथंच फिरत राहतात. अर्जात तारखा, मोठी माणसं किती, मुलं किती आणि त्यांची वयं, गाड्यांचे नंबर, मुक्काम कोणाच्या शेतात, जबाबदार तीन जणांची नावं आणि फोन, आणि गाइड किती पाहिजेत हे लिहा, तीन गट म्हणजे तीन गाइड. गावात मुक्काम आहे म्हणून सरपंचांच्या आणि पोलिस पाटलांच्या कानावर पण घाला, वेगळं पत्र नको, फोन पुरे. अर्ज नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बसू नका, रविवार सोडून एखाद्या दिवशी कोणीतरी स्वतः जाऊन द्या, आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का-तारखेची पोच घेऊनच निघा.